बिनशेपटीचं विमान

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. जेवायला बसायचा, फणसाच्या लाकडाचा, साधासुधा पाट. माझी एक कड जळून काळीठिक्कर झाली आहे आणि मधोमध चीर गेली आहे, म्हणून आधीच ओळख देऊन ठेवतो. नाहीतर हल्ली पाहुणे मला सरपण समजतात. फार दमलोय मी. पण सांगायचं ते एकदाचं सांगून टाकतो.

हिर्डोशीच्या अंबूबाईच्या लग्नात मी या घरी आलो. भोरच्या चिमाजी सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केलं आणि चारी कोपऱ्यांत पितळेची फुलं ठोकली. काय रुबाब होता माझा! अंबूबाई नवरी होऊन माझ्यावर बसली. पुढे तिचा नवरा रोज माझ्यावर मांडी घालून नाचणीची भाकरी खायचा. घरात बारशी झाली, जेवणावळी झाल्या, आणि जो तो म्हणायचा, "पाट घ्या, पाट घ्या!" मग तिचा नवरा गेला. घरात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. मला भिंतीला टेकवून ठेवलं, पुढ्यात पिठाचा डबा आला आणि मागे पाली राहायला आल्या. माणसं विसरतात. विसरू देत बापडी.

मला परत उजेडात आणलं ते अंबूबाईच्या लेकाने, धनाजीने. पण बसायला नव्हे हं.

त्या उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला होता. धनाजीची गवताची गंज गेली आणि गोठ्यात बांधलेला एक बैल होरपळून मेला. धनाजी बांधावर डोकं धरून बसला. खाली धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं आणि वर डोंगर जळत होता. "येवढं पानी हाय खाली, आन् वर तांब्याभर न्हाई," एवढंच तो म्हणाला. मग केव्हातरी त्याने मोबाईलवर परदेशातलं एक विमान पाहिलं. ते तळ्यावरून घासत जायचं, पोटात पाणी भरून घ्यायचं आणि आगीवर नेऊन ओतायचं. झालं! याच्या डोक्यात विमान शिरलं ते शिरलंच.

कागद ठेवायला त्याला सपाट फळी हवी होती. त्याने मला बाहेर काढलं, पुसलं आणि पक्कड घेऊन माझी चारी फुलं उचकटून टाकली. कागदाला आड येत होती ना! अंबूबाईने पाहिलं. तिने फुलं वेचून पदराच्या गाठीत बांधली. मला मात्र फार लागलं ते.

पुढे माझ्या अंगावर विमानंच विमानं उतरू लागली. एकाचं पोट रांजणासारखं, तर एकाला बगळ्याची चोच, धरणावर उभ्या उभ्या पाणी प्यायला. एकाचे पंख मिटायचे, कारण आमच्या घळीत पसरलेले पंख मावायचे नाहीत म्हणे. विमान उतरायला सपाट जागा कुठली आणायची, यावर त्याने कितीतरी कागद फाडले. शेजारचा सोमनाथ येता-जाता टोमणा मारायचा, "काय धनाजीराव, इमान कवा उडवताय? आमाला बी बसवा की!" धनाजीची बायको अश्विनी चुलीपासून ओरडायची, "अवं, जेवाया चला! इमान काय पळून जातंय व्हय?"

मी रागवायचो, पण त्याचंही मला कळायचं. दिवसभर उन्हात राबून, वणवा अडवायला डोंगरावर गवताचे पट्टे काढून तो यायचा आणि मला मांडीवर घ्यायचा. तेवढ्या वेळात त्याचा चेहरा सैल व्हायचा. पेन्सिल टोचायची मला, चहाच्या पेल्याचे डाग पडायचे. सोसायचो मी. पण मनातून एकच वाटायचं, कुणीतरी परत एकदा माझ्यावर बसावं.

आता गेल्या वर्षीची गोष्ट ऐका. भाताची रोपं टाकायच्या जागी आमच्याकडे राब भाजतात. शेणी, पाला, गवत पसरायचं आणि पेटवून द्यायचं. पण काडी लावायची ती वरच्या बांधाकडून, वाऱ्याच्या उलट. मग विस्तव रांगत रांगत सावकाश खाली येतो आणि माती नीट भाजते. खालून लावली तर आग वाऱ्याबरोबर वर पळत सुटते. हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे, अंबूबाईला तर असणारच.

त्या दिवशी मायलेक शेतावर आले. राब पसरून झाला होता. धनाजी मला घेऊन आंब्याखाली टेकला. अंबूबाईने हाक मारली, "धना, चल रं, वरनं काडी लाव. माजं गुडगं न्हाईत वर चढत."

"आलो आये, येवढी शेपटी काडतो."

ती थांबली. परत हाक मारली.

"आलो म्हनलं न्हवं का!"

शेपटी काही जमेना. तो काढायचा, खोडायचा, पुन्हा काढायचा. अंबूबाई उभी राहून कंटाळली. वारा पडल्यासारखा वाटत होता. तिने खालूनच काडी लावली.

आणि मेला वारा तेव्हाच उठला! बघता बघता आग बांध ओलांडून वाळल्या गवतात शिरली आणि वरच्या गोठ्याकडे निघाली. गोठ्यात राहिलेला एकुलता एक बैल बांधलेला होता. अंबूबाईच्या तोंडून "माजा बैल!" एवढंच निघालं, आणि ज्या गुडघ्यांना बांध चढवत नव्हता, ते गुडघे घेऊन ती चढणीला लागली. धनाजीने मान वर केली तेव्हा त्याची आई धुरात शिरत होती.

"आये!" असा ओरडला तो, की माझ्या अंगावर काटा आला. फांदी तोडायलाही तो थांबला नाही. मलाच दोन्ही हातांनी धरून धावला आणि आगीवर हाणू लागला. कागद क्षणात जळाला. मी भाजत होतो, तडकत होतो, आणि तो मला उचलून उचलून आपटत होता. अश्विनी आणि सोमनाथ ऐनाच्या ओल्या फांद्या घेऊन धावत आले. गोठ्याच्या अगदी तोंडाशी आग दबली. आत धूर कोंडला होता. धनाजी दाराशी गेला, पण त्याला पाऊल टाकवेना. आत काय दिसेल याचंच त्याला भय वाटलं.

तेवढ्यात बैलाचं तोंड बाहेर आलं. मागे दावं धरून अंबूबाई, भुवया जळालेल्या, खोकून खोकून बेजार. तिने लेकाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या माझ्याकडे पाहिलं.

"आलं व्हय रं तुजं इमान?" ती म्हणाली.

धनाजी लहान पोरासारखा रडायला लागला. "आये, तू दोनदा हाक मारली गं मला."

"रडू नगंस. पाट ठेव हितं, पाय लई भरून आल्यात."

त्याने मला जमिनीवर ठेवलं आणि अंबूबाई माझ्यावर बसली. मित्रांनो, मी जळलो होतो, चिरलो होतो, अंग नुसतं ठणकत होतं. तरी सांगतो, लग्नाच्या दिवशीही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

आता माझी दोन्ही कामं चालतात. सकाळी अंबूबाई माझ्यावर बसून ऊन खाते, दुपारी धनाजी माझ्यावर विमान काढतो. माझ्या चिरेवरून त्याची रेघ घसरते, पण तो मला टाकत नाही. थकल्याभागल्या वस्तूला तेवढं पुरतं. तुमच्या घरीही असं कुणी भिंतीला टेकून असेल, तर एकदा पुसा, जवळ घ्या. आणि वस्तूंचं एक वेळ राहू द्या, माणसाने हाक मारली तर तेवढं उठा.

सध्या माझ्यावर एक मोठं विमान आहे. पोट झालं, पंख झाले, आत चालवणाऱ्याशेजारी एक बुटका पाटही झाला, आईला बसायला. शेपटी तेवढी अजून नाही. धनाजी रोज शेपटीपर्यंत येतो, अंबूबाई कशाला तरी हाक मारते, आणि तो पेन्सिल खाली ठेवून उठतो.