अकराव्या ओळीतली टाइल

मी तोंडाचा फटकळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या कामात वाकडी फट आजवर कुणी दाखवलेली नाही. एकतीस वर्षं भिंतींना टाइल्स बसवतोय. म्हणून पुतणीने दादाचा ताल भिंतीवर उतरवायचं काढलं तेव्हा मी सरळ म्हणालो, "ताल कानाने ऐकायचा असतो गं बाई. उद्या भाजीचा वास रंगवशील."

"काका, तुम्ही फक्त बसवा," ती म्हणाली.

दादा माझा थोरला भाऊ. जन्मभर त्याने ड्रम वाजवला आणि शिकवला. एक ताल मात्र त्याने स्वतः रचला होता, बारा वर्षं त्याच्यावर घासत होता आणि कुणालाही शिकवला नव्हता. अजून तयार नाही म्हणायचा. मग झटका आला. उजवी बाजू गेली, जीभही गेली, दोन-चार शब्द तेवढे राहिले. ताल डोक्यात शाबूत होता, आणि आता तो दादाबरोबरच जाणार हे घरात सगळ्यांना कळत होतं. बोलत कुणी नव्हतं.

पुतणी टाइल्स रंगवून भट्टीत भाजते, तोच तिचा धंदा. दादाची मुलगी असून तिला टाळीसुद्धा धड वाजवता येत नाही. पण चार महिने रोज सकाळी ती बापासमोर तळहात पसरून बसली. तो डाव्या हाताने त्यावर थोपटायचा, ती दुसऱ्या हाताने कागदावर रंग लावायची. चुकली की तो तिचा अंगठा पिरगळायचा. मी सहज डोकावायला गेलो तो तासभर उभाच राहिलो. जोराचा ठोका म्हणजे चौकोनभर लाल, हलका म्हणजे वाटाण्याएवढा ठिपका, गप्प बसायची जागा नुसती पांढरी. ओळ डावीकडून बघत गेलो तर माझ्यासारख्या दगडाचाही पाय हलायला लागला. काय पोरगी आहे, मनात म्हटलं. तोंडावर म्हणालो नाही, डोक्यावर बसली असती.

दादाच्या वर्गाची मोठी भिंत ठरली. तिने पेन्सिलने एकेका टाइलची जागा आखून दिली आणि भट्टीकडे गेली. मी चौदा ओळी जीव ओतून बसवल्या. अकराव्या ओळीत शेवटची टाइल आधीच्या टाइलपासून दोन बोटं लांब आखलेली दिसली. म्हटलं, पोर दमली असेल, हात सरकला. मी ती फट बाकीच्यांएवढी केली, वर कागद लावून भिंत झाकली आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

दोन दिवसांनी कागद काढला. दादा खुर्चीत. ड्रमवर त्याची सगळ्यात जुनी शिष्या, पोस्टात नोकरी करते, आता वर्गही तीच चालवते. कुठला रंग म्हणजे कसला ठोका, एवढंच पुतणीने तिला सांगितलं होतं. तिने कधी न ऐकलेला ताल ती नुसती भिंत बघून वाजवायला लागली. आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. तो दादाच होता. त्याचं घाई करणं, मधेच हळू येऊन चापट मारल्यासारखं वाजवणं, सगळं भिंतीतून तिच्या हातात उतरत होतं.

अकराव्या ओळीच्या शेवटी दादाने डावा हात वर केला. थांब.

तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच हात वर. तिसऱ्यांदा दादाने मान फिरवली आणि डोळे मिटून घेतले. पुतणीच्या तोंडचं पाणी पळालं. ती भिंतीकडे बघतच नव्हती, बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"मला कळलंच नाही बहुतेक," ती म्हणाली. "चार महिने बाबा सांगत होते आणि मला कळलंच नाही."

गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि माझ्या कामाला बट्टाही लागला नसता. पण पोरीचा तो चेहरा बघवेना.

"तुझं बरोबर होतं," मी म्हणालो. "तिथली फट मी बुजवली. मला वाटलं, चुकून पडलीय."

ती भिंतीजवळ गेली, बोटाने मापलं. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. ती इतकंच म्हणाली, "तिथे बाबा श्वास घेतात, काका. ठोका उशिरा येतो."

मी छिन्नी आणली. टाइल न फोडता सोडवली, मागचा जुना सिमेंटचा मसाला खरवडला, नवीन लावला आणि तिच्या पेन्सिलच्या रेघेवर बसवली. ती सुकायला एक दिवस हवा होता, पण दादा खुर्चीतून उठायला तयार नव्हता. मग मी दोन्ही हातांनी टाइलच्या कडा दाबून भिंतीशी उभा राहिलो आणि शिष्येला म्हटलं, वाजव.

पहिल्या ओळीपासून वाजत आलं. अकरावी ओळ माझ्या हातांपर्यंत आली, त्या मोकळ्या दोन बोटांपाशी शिष्या थांबली, आणि माझाही श्वास थांबला. मग ठोका पडला. मला वळून बघता येत नव्हतं, टाइल निसटली असती. दादाचा हात वर गेला का, हे मला दिसत नव्हतं. बारावी ओळ सुरू झाली, तेरावी झाली, चौदावी संपली.

पुतणी रडत होती, ते ऐकू येत होतं. मग दादाची ती जड, अडखळणारी जीभ हलली.

"पुन्हा," तो म्हणाला.