सशीण बरी की टिटवी

आईपण शिकावं तर टिटवीकडून, असं मेम, म्हणजे माझ्या सासूबाई, मला उठताबसता ऐकवतात. माझ्या तान्ह्या हिद्देला शेजारणीकडे ठेवून मी चीजच्या कारखान्यात परत जायला लागल्यापासून तर जास्तच.

"तू सशीण आहेस, यित्स्का. पिल्लू गवतात टाकायचं नि उंडारायला जायचं. अंधार पडल्यावर एकदा दूध पाजलं, की झालं!"

टिटवीचं आईपण मी रोज बघते. अंडी चार आणि बोंब गावभर. डोक्यावर घिरट्या घालून घालून घरटं कुठंय ते कावळ्यालाही सांगून ठेवते. सशीण बिचारी गप्प, तिचं पिल्लूही गप्प.

गवतकापणीच्या सकाळी आम्ही दोघी कुरणात काठ्या रोवत होतो. टिटवीची अंडी उचलायला आता बंदी आहे. घरटं दिसलं की शेजारी काठी रोवायची, म्हणजे ट्रॅक्टर वळसा घालतो. यात मेमचा भारी दबदबा. वर्षातलं पहिलं अंडं शोधणाऱ्याचा आमच्याकडे मोठा मान; तरुणपणी ते त्यांनाच सापडलं होतं, तेव्हापासून त्यांच्या नजरेबद्दल बोलायची कुणाची टाप नाही.

"ते बघ घरटं!" लांबूनच म्हणाल्या, आणि जाऊन काठी रोवून मोकळ्या झाल्या.

मी वाकले. गवतात टिटवीच्या घरट्यासारखाच उथळ खळगा होता, पण आत मुठीएवढं सशाचं पिल्लू. कान पाठीला चिकटलेले, डोळे टक्क उघडे. हिद्दे जाग आल्यावर मला शोधतो, अगदी तसे.

"मेम, तुमच्या टिटवीला कान आहेत."

मेमनी पाहिलं, आणि काठी उपटली. "गावात बोलू नकोस हं. सशाला कोण काठी रोवतं? म्हणतील, म्हातारीला दिसेनासं झालं."

"अहो, ते पळणार नाही. कापलं जाईल."

"मग आई कुठाय त्याची?"

"येईल. मी नाही येत कामावरून?"

तेवढ्यात माझा नवरा येले ट्रॅक्टर घेऊन आलाच. मी खळग्यापाशी उभी राहिले, हलले नाही.

"बाजूला हो! वेडी झालीस का गं!" मेम हात फडफडवत माझ्याभोवती गोल गोल धावायला लागल्या. अस्सल टिटवी!

येलेनं ब्रेक मारला. "काय झालं, मेम? घरटं आहे का?"

मेमनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या काठीकडे.

"आहे," म्हणाल्या, आणि काठी खुपसली. "वळसा घाल. आणि उतरू नकोस, टिटवी बिथरेल."

आभाळात एकही टिटवी नव्हती. येलेनं वर पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं ट्रॅक्टर वळवला.