मंगळवारी धूर कुठला?

मी अराबाच्या रक्तवाहिन्यांची आतली पातळ त्वचा बोलतेय. झग्याला अस्तर असतं ना, तशी. रक्त गोठू नये, पाणी बाहेर झिरपू नये, नळी कधी सैल सोडायची, कधी आवळायची, सगळं मी बघते. पण नाव कुणाचं? काळजाचं! प्रेम केलं काळजानं, दुःख झालं काळजाला. नुसतं धडधडतं मेलं, आणि मिरवतं.

अराबा भट्टीवर मासळीला धुरी देऊन विकते. तिला आठवा महिना लागला आणि बाळाच्या वारेतून काहीतरी विखारी माझ्यावर येऊ लागलं. मी दुखावले. नळ्या आवळल्या, रक्ताचा दाब चढला. पाणी माझ्यातून झिरपून तिच्या पायांत उतरलं. वहाणा होईनात, म्हणून ती नवऱ्याच्या घालून बाजारात गेली.

सासू एफुवा मात्र खूश. "अगं, एवढे पाय सुजले म्हणजे जुळीच! जुळ्यांच्या मानाला लाल तेलात कंद कुस्करून वर अंडी मांडीन मी."

"आई, डोकं फार दुखतंय. डोळ्यांपुढे चांदण्या येतात."

"धुराच्या गं त्या. मी जन्मभर बघतेय."

भट्टीवरच्या सगळ्या हसल्या. मी आतून ओरडत होते, पण मला तोंड कुठाय?

मंगळवार आला. तो समुद्रदेवाचा दिवस, आमच्याकडे कुणी होडी लोटत नाही. भट्ट्या गार. नवरा कोबिना अंगणात जाळं शिवत होता. अराबानं त्याला पाणी द्यायला पेला पुढे केला आणि त्याच्या हाताशेजारी सोडून दिला.

"काय गं, दिसत नाही?"

"धूर आहे ना डोळ्यांत."

"कुठला धूर? आज भट्टी पेटलीच नाही!"

"अरे, जुळी आहेत, म्हणून..." एफुवा म्हणाली.

"आई, जुळी काय डोळ्यांत वाढतायत?"

त्यानं तिला तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी छातीला नळी लावली. म्हणाले, "काळीज छान आहे." बघा! आजारी मी, कौतुक त्याचं. मग सुईणबाईंनी नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेना. जन्मात पहिल्यांदा कुणी माझी विचारपूस केली.

मग त्यांनी दाब मोजला. "दाब फार चढलाय. अजून थांबला असतात तर झटके येऊन आई गेली असती, बाळही."

बाळ लवकर काढलं. एकच मुलगी, एवढीशी.

"दुसरं कुठाय?" एफुवानं विचारलं.

"बसा, आत शोधून येते," सुईणबाई म्हणाल्या.

आता घर पाहुण्यांनी भरलंय. सगळे बाळाला बघतात, वर म्हणतात, आईचं काळीज घट्ट म्हणून वाचली. मला मेलीला कोण विचारतं? सुईणबाईंनी दाब तपासायला पुन्हा बोलावलंय, तर एफुवा म्हणते, "बाळ बाहेर आलं, आता कसला दाब?" अहो, बाळ आलं म्हणून मी लगेच बरी होत नाही. घात अजूनही होऊ शकतो. न्या हो तिला.

ती पोर बघा, आईला बिलगून चुरुचुरु ओढतेय. तिच्या दुधाला लागणारं सगळं माझ्यातूनच पाझरतं. सगळे तिलाच बघतात, हेवा वाटतो मला तिचा. तरी पाझरू देते.