मोठीच्या बदल्यात

साल एकोणीसशे बासष्ट. चैत्र सरत आला होता. साखरखेर्ड्याच्या शिवारात तुळशीरामच्या मळ्यात उन्हं चढायच्या आत वांगी तोडायची घाई चालली होती. दुसऱ्या दिवशी बाजार होता. तुळशीरामची थोरली लेक चांगुणा एका हातानं वांगी खुडत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती.

"काय मंत्र म्हनून राह्यली व?" शेजारच्या सरीतून आईनं, अन्नपूर्णाबाईनं विचारलं.

"मंत्र नाही माय, अभ्यास हाय. बातमीचा मथळा कसा द्यावा, थे पाठ करून राह्यली."

अन्नपूर्णाबाई हसली. लेक काय शिकते ते तिला नीट सांगता येत नसे. पण चांगुणा नागपूरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि वृत्तपत्रविद्या हा तिचा खास विषय होता. वर्गात एकतीस मुलगे आणि मुली दोन. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. अशा वेळी ती गावी आली होती, ती वडलांच्या पत्रामुळे. 'ताबडतोब निघून ये. तुझं काम झालं आहे,' एवढंच त्यात लिहिलं होतं, आणि ते वाचून चांगुणाला वसतिगृहाच्या जिन्यात रडू फुटलं होतं.

काम म्हणजे फारकत. चांगुणा सात वर्षांची असताना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर तिचं लग्न लागलं होतं, अमडापूरच्या पुंजाजीच्या मुलाशी, शेषरावशी. लग्नात ती बापाच्या मांडीवर झोपी गेली होती, एवढंच तिला आठवे. पुढे ती हुशार निघाली. शाळेतल्या बनाबाई मास्तरणीनं तुळशीरामच्या मागे लागून तिला मॅट्रिक करवलं, मग कॉलेजात धाडलं. ती चौदाची झाल्यापासून सासरा दर साली न्यायला येई आणि तुळशीराम दर साली काहीतरी कारण सांगून त्याला परत लावी. जातभाई तोंडावर बोलत, "लेकीले ठेवून काय लोनचं घालतं का?" तुळशीराम खाली मान घालून ऐकून घेई. आता सहा वर्षांनी पुंजाजी फारकत द्यायला कबूल झाला होता. आखाजीच्या आदल्या दिवशी पंचांसमोर कागद व्हायचा होता. एक सही, की चांगुणा मोकळी.

घराला नवा चुना कशाला दिला, दारापुढे मांडवाच्या बल्ल्या कशाला आणून टाकल्या, हे तिनं आनंदाच्या भरात विचारलंच नव्हतं.

गीता धावत मळ्यात आली. ही धाकटी बहीण, दहा वर्षांची, चौथीत शिकणारी. तिच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या, कोपरापर्यंत सरकत होत्या.

"ताई, पाह्य! कासारानं आताच भरल्या. मोठ्या झाल्या, पन माय म्हने राहू दे, पुढं कामी येतीन."

"कशाच्या व बांगड्या?"

"माह्यं लगन हाय नं आखाजीले! चार लुगडे भेटनार हायत मले." मग तिनं आवाज बारीक केला. "अन नवरदेव कोन, ठाव हाय का? थोच हाय. तुह्यावाला."

चांगुणानं आईकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाई वांगी तोडत राहिली. वर मान करून पाहिलंच नाही तिनं.

दुपारी तुळशीराम जेवायला बसला तेव्हा चांगुणा समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, माह्या बदल्यात गीता देऊन राह्यले का तुमी?"

घास तुळशीरामच्या हातातच राहिला. तो वाईट माणूस नव्हता. गावात लेकीला कॉलेजात धाडणारा त्याच्या जातीतला तो पहिला बाप होता. पण सहा वर्षांत त्याची पाठ पार वाकून गेली होती.

"मंग काय करू? पुंजाजी म्हने, मोठी येत नसंल तं धाकटी द्या. नाही तं पंच वाळीत टाकतात. कोनाच्या मयतीले खांदा भेटनार नाही मले. तू सुटली नं? मंग एक लेक तं रीतीनं जाऊ दे."

"थो चोवीस वर्साचा हाय, बाबा."

"आताच थोडी नेतात? शहानी झाल्यावरच नेतीन."

"माह्या वेळेलेही असंच म्हनले असान तुमी."

तुळशीरामनं ताटात हात धुतला आणि उठला. संध्याकाळी चांगुणानं पाहिलं, तर तिची ट्रंक, पुस्तकांसकट, बापाच्या खाटेखाली गेली होती आणि किल्ली त्याच्या करगोट्याला होती.

त्या चार दिवसांत चांगुणाला घर कोठडीसारखं वाटू लागलं. सही केली, तर गीता जाते. पळून नागपूरला गेली, तरी तिच्या मागं गीता जातेच. आणि स्वतः नांदायला गेली, तर गीता वाचते, पण मग इतकी वर्षं रात्रंदिवस एक करून शिकलेलं सगळं अमडापूरच्या चुलीत. गीता मात्र लुगड्याची घडी मोडायची, पुन्हा घालायची, आणि ताईला विचारायची, "सासरी शाळा असते का व?"

पाचव्या दिवशी अन्नपूर्णाबाई नवऱ्याला म्हणाली, "मेहकरले जाऊन खन-चोळी आनतो. पोरीले संग नेतो, मले दुकानदाराचा हिशोब समजत नाही."

मेहकरच्या बाजारात उतरल्यावर कापडाच्या दुकानाच्या पायरीवर ती बसली. लेकीकडे न पाहता म्हणाली, "मले खन निवडाले लई वेळ लागते. दुपारच्या गाडीलोक लागन. तुले काही काम असंल तं करून ये."

चांगुणाला आईचा डाव उमगला. मग तिनं कचेरीची वाट धरली.

कचेरीच्या आवारात बसणारे वकील वामनराव म्हातारे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि कागद पुढे ओढला. "पंधरा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे. अर्ज करू. पण अर्जात लग्न लावणाऱ्याचं नाव लागतं. म्हणजे मुलीच्या बापाचं."

चांगुणाच्या डोळ्यांपुढे मॅट्रिकच्या वेळचा बाप आला. परीक्षेला सायकलवर डबलसीट नेणारा, बाहेर झाडाखाली तीन तास बसून राहणारा. वामनराव थांबले.

"लिहा," ती अखेर म्हणाली. "तुळशीराम."

सही झाल्यावर वामनराव म्हणाले, "मॅजिस्ट्रेटसाहेब दौऱ्यावर आहेत. लग्न थांबवायचा हुकूम आखाजीच्या आत हाती पडेल, असं वचन मी देत नाही. पण एक ध्यानात ठेव. फारकत झाली नाही, तोवर तो तुझा नवरा आहे. काय करतो तो?"

"सडक खात्यात मुकादम हाय."

"मग बायको असताना दुसरी केली, तर नोकरी जाईल आणि तुरुंगही होईल."

"म्हंजे म्या सही केली नाही, तं गीता वाचते?"

"वाचते. आणि तू अडकतेस," वामनराव म्हणाले. "किती वर्षं, ते मला सांगता यायचं नाही."

आखाजीच्या आदल्या दिवशी मांडवात सतरंजी पडली. हुकूम आला नव्हता. पंचांचे मुख्य भगवंतराव लोडाला टेकून बसले, शेजारी पुंजाजी, त्याच्या मागे शेषराव. आतल्या खोलीत बायका गीताला हळद लावायच्या तयारीत होत्या. भगवंतरावांनी स्टॅम्पचा कागद चांगुणापुढे सरकवला.

"कर सही, बाई. सुटली तू."

चांगुणानं कागद उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. उभयतांचं पटत नाही, राजीखुशीनं फारकत घेत आहोत, देणंघेणं काही नाही. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "यात गीताचं नाव काऊन नाही लिहिलं? तिच्याच बदल्यात होऊन राह्यलं नं हे?"

पुंजाजी खाकरला. "अशा गोष्टी कागदावर येत नसतात."

"मंग म्या सही करत नाही."

"नको करू," पुंजाजी उसळला. "ऊठ, चाल नांदाले!"

"नांदालेही येत नाही. बायको म्हनून नाव राहू द्या माह्यं. माह्यं नाव हाय तोलोक तुमच्या पोराले दुसरी करता येत नाही. मेहकरच्या कचेरीत अर्ज देऊन आली मी. माह्या बापाचं नाव हाय त्यात, अन तुमच्या पोराचंही."

शेषराव उठून उभा राहिला. "आबा, माह्यी नोकरी जाईन," तो बापाला म्हणाला आणि पायात वहाणा सरकवून मांडवाबाहेर गेला.

पुंजाजी जाता जाता थांबला. "बस मंग अशीच. मरेलोक फारकत भेटनार नाही तुले." भगवंतरावांनी कागदाची घडी घातली आणि तुळशीरामच्या घरचं पाणी बंद झाल्याचं जाहीर केलं.

आत गीता हमसून हमसून रडत होती, लुगडी परत गेली म्हणून. तुळशीरामनं ट्रंक ओढून अंगणात टाकली. कोर्टात बापाचं नाव देणाऱ्या लेकीकडे त्यानं पाहिलं नाही. "निघ," एवढंच म्हणाला.

चांगुणा परीक्षेला बसली, पास झाली. नागपूरच्या एका दैनिकात तिला मुद्रितं तपासायचं काम मिळालं, मग बातम्या लिहायचं. तिथल्या उत्तमराव नावाच्या सज्जन सहकाऱ्यानं दुसऱ्या वर्षी तिला मागणी घातली. तिला तो मनापासून आवडत होता. ती नाही म्हणाली. कागदावर ती कोणाची तरी बायको होती. फारकतीसाठी तिनं नवऱ्यावर लावलेला दावा तारखांमागून तारखा घेत पडून होता. खोली भाड्यानं देणारे विचारत, "मिस्टर कुठे असतात?" हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या बायका तिच्यापाशी येऊन अडखळत. आईची पत्रं गीताच्या अक्षरात येत. गीता सातवीत गेली होती. बाप पत्रात कधी नसे.

तिसऱ्या वर्षी चैत्रातच एका दुपारी शिपाई सांगत आला, "बाई, कोणी भेटायला आलंय. आत येत नाही."

दारात तुळशीराम उभा होता. वाळीत काढलेल्या तीन वर्षांनी त्याचे केस पांढरे केले होते. त्यानं बंडीच्या खिशातून घामानं ओली झालेली एक लग्नपत्रिका काढून तिच्या हातात दिली. गाव दुसरबीड होतं, घराणं ओळखीचं नव्हतं.

"नऊ वर्साची हाय पोरगी," तो म्हणाला. "बाजारात भाजी घ्याले येते बापासंग. म्या त्याले सांगून पाह्यलं. माह्यं कोन ऐकते?" त्यानं डोळे पुसले. "तुह्यं ऐकतीन. लिही."

चांगुणानं त्याला हाताला धरून आत आणलं, आपल्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग पत्रिका उजेडाला धरून तिनं तारीख पाहिली. आखाजीला अजून अकरा दिवस होते.