काचपेटीवरचा नवा दिवा

माझा स्वभाव तापट, हे अख्ख्या मोरिवलीला ठाऊक होतं. पण छप्पन साली खंडेनवमीला मी जे केलं, ते रागानं नाही, भीतीनं केलं.

आमच्या ह्यांना मासे पाळायचं भारी वेड. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एकमधल्या सिंधी दुकानदाराकडून त्यांनी लहानशी काचपेटी आणली होती. वर पत्र्याचं झाकण, झाकणात पिवळा बल्ब. बल्बनं पाणी तापायचं आणि मासे वर येऊन तोंडं वासायचे. म्हणून ह्यांनी बल्ब काढून आखूड ट्यूबलाइट बसवली. असली ट्यूब तेव्हा कारखान्यात नाहीतर बड्या दुकानात दिसायची, त्यामुळे सगळा शेजार बघायला लोटला. मासे असे काही झळकले म्हणून सांगू! खोटं कशाला बोलू, मलाही मजा वाटली.

दुसऱ्या दिवशी खाणं टाकताना माझा ओला हात झाकणाला लागला आणि खांद्यापर्यंत सणक गेली. बटण तर बंद होतं. ह्यांना सांगितलं, तर त्यांनी पायात चपला घालून, कोरड्या बोटांनी पत्र्यावर टिचक्या मारून दाखवल्या. कारखान्यात विजेच्या तारा ओढणाऱ्याला आता बायको अक्कल शिकवणार, म्हणून हसले. तार काढून ठेवावी म्हटलं, तर ती थेट भिंतीतल्या विजेच्या पेटीत जोडलेली.

खंडेनवमीला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बारवीकडच्या गावाहून आल्या. त्यांच्याकडे त्या दिवशी नांगर, कोयता, विळी, सगळ्याला हळदकुंकू लागायचं. आमच्या खोलीत नांगर कुठला? त्यांनी शिवणयंत्र पुजलं, ह्यांची पक्कड पुजली आणि नव्या दिव्याकडे वळल्या. नुकतीच डोक्यावरून आंघोळ झालेली, अंगावर ओलं लुगडं, अनवाणी पाय, खाली नुकतीच सारवलेली जमीन. हातात कुंकवाची वाटी.

मी म्हटलं, आत्याबाई, त्याला हात लावू नका, करंट आहे. त्या म्हणाल्या, माझ्या लेकानं केलेला दिवा पुजायला सुनेची परवानगी लागते काय? आमचं दोघींचं पहिल्यापासून असंच. हे दारातूनच बोलले की बटण बंद आहे, करू दे तिला. मी परत सांगितलं. त्यांनी ओलं बोट कुंकवात बुडवलं आणि हात पुढं नेला.

मी त्या हातावर जोरात फटका मारला. वाटी उडाली, कुंकू जमिनीभर सांडलं.

सणाच्या दिवशी, माझ्या हातून, कुंकू. आत्याबाई पांढऱ्याफटक पडल्या आणि मग त्यांनी माझ्या थोबाडीत दिली.

"माझ्या लेकाचं मरण मागतेस?"

हे तरातरा आत आले, अनवाणीच. बघ काय होतंय ते, म्हणाले आणि झाकणाची कड मुठीत धरली.

ती मूठ सुटेचना. चेहरा वेडावाकडा झाला, तोंडातून आवाज नाही. आत्याबाई त्यांना धरायला धावल्या. मी त्यांना कोपरानं मागं ढकललं, कपडे वाळत घालायची कोरडी काठी उचलली आणि ह्यांच्या मनगटावर हाणली. सुटली नाही. पुन्हा हाणली. काचपेटी कोसळली आणि हेही कोसळले. तार तुटून भिंतीशी लोंबत राहिली. बटण ह्यांनी चुकीच्या तारेवर बसवलं होतं, ते बंद करूनही झाकणात वीज उतरत होती, हे मागाहून कळलं.

तळहात भाजला होता, पण छाती हलत होती. आत्याबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बाजूला मासे तडफडत होते, कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. ह्यांनी डोळे उघडले, आईला ओळखलं, तेव्हा कुठं मी मटकन खाली बसले.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मला लावू द्यायचा होतास की हात. मी तुझ्याशी कधी गोड बोलले नाही."

माझा राग उसळला. "तुम्ही गेलात तर या घरात मी भांडू कुणाशी?"

त्या हसल्या नाहीत. स्वतःच मारलेल्या माझ्या गालावर हात ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि मग मला रडू आवरेना.