फरशीवरचं गप्प पाणी

या माऊली, असे पुढे सरका, पावसाच्या आवाजात मागे ऐकू जायचं नाही. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. आपल्याच पनवेलच्या मुलखातली, गेल्या श्रावणातली गोष्ट सांगतो.

आपट्याच्या वरच्या अंगाला एक कातकरवाडी आहे. तिथल्या जनीला दुपारी कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण पोर, त्यात बाळ पायाकडून, असं वाडीवर तपासायला येणाऱ्या आशाताईंनी आधीच सांगून ठेवलेलं. घरी बाळंतपण नको, पनवेलचा दवाखानाच गाठायचा. अ‍ॅम्ब्युलन्स कुठेतरी अडकली, तेव्हा गावात भाड्याने गाडी चालवणाऱ्या फारूकने आपली व्हॅन काढली. मागे जनी, तिचं डोकं मांडीवर घेतलेली सासू मैना, आणि पुढे जनीचा नवरा आनंदा.

ओढ्यावरच्या फरशीपाशी, म्हणजे त्या बिनकठड्याच्या बुटक्या पुलापाशी, फारूकने ब्रेक दाबला. पाणी पुलावरून वाहत होतं. फरशीच्या दोन्ही कडांना चुन्याने रंगवलेले दगड आहेत. दगडांची डोकी दिसतात तोवर गाडी घालायची, हा त्या रस्त्याचा कायदा. फारूकच्या अब्बांनी त्याला तोच शिकवला होता.

डोकी दिसत होती.

"घाल ना, फारूकभाय," आनंदा म्हणाला. "पलीकडं गेलो की अर्ध्या तासात पनवेल."

"बघू दे जरा."

"काय बघतोस? गुडघाभर पानी हाय. गाडीला परवाना काढलास तो काय अंगणात फिरवायला?"

मागे जनी कण्हली. बिस्मिल्ला म्हणून फारूकने पहिला गियर टाकला. पुढची चाकं पाण्यात उतरली.

"थांब रं बाबा," मैना म्हणाली.

"मावशी, दगड दिसतायत."

"दगडांकडं नको बगू. पानी बग. हितं खळाळतंय, पलीकडं खळाळतंय. मदी गप हाय."

फारूकने काचेला नाक लावलं. खरंच होतं. खाली फरशी होती तिथे पाणी आपटत, फेस काढत होतं. मधल्या पाच-सहा हातांत मात्र ते तेल ओतल्यासारखं सरळ चाललं होतं.

"खाली आपटायला कायच नाय तिथं," मैना म्हणाली. जन्मभर त्या ओढ्यात हातांनी मासे धरलेली बाई ती. "फरशी गेली वाहून."

कडेचे दगड उभे, मधली लादी गायब. फारूकने गाडी इंच इंच मागे घेतली.

आता एकच वाट उरली, रसायनीवरून कोनला आणि तिथून पनवेल. तासाभराची.

"आणि मागून येतील त्यांचं काय?" मैना म्हणाली. "त्येंला दगडच दिसनार."

मैनेला जनीजवळून हलता येत नव्हतं. आनंदाने मागे वळून एकदा बायकोकडे पाहिलं. तिने हात लांबवून त्याचं मनगट धरलं. त्याने ते हळूच सोडवलं, मैनेचं लाल लुगड्याचं बोचकं उचललं आणि तो पावसात उतरला.

"जा तुमी," तो म्हणाला. "सांभाळून ने रं भाय. मगाशी बोललो ते मनावर घेऊ नको."

माऊली, तो तास फारूकला वर्षासारखा गेला. चाळिसाच्या वर काटा जाऊ दिला नाही. पुढच्या ट्रकपासून चांगलं अंतर ठेवलं, कारण ओल्या डांबरावर ब्रेक दाबला तरी गाडी घसरत जाते. मैनेने चारही दिवे लुकलुकवायला सांगितले, तर म्हणाला, "मावशी, ते उभ्या गाडीचे. चालताना लावले तर मी वळतोय की थांबतोय, मागच्याला कळत नाही." जनीचं कण्हणं वाढलं, मग एकदम थांबलं. त्याचा पाय अ‍ॅक्सिलेटरवर दाबला जाऊ लागला.

"जित्ती हाय," मैना म्हणाली. "तू रस्त्याकडं बग."

दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासाने मुलगी झाली. निळसर पडली होती, पण रडली. दोघी वाचल्या.

बाप तिथे नव्हता. अंधार पडेतो तो फरशीच्या तोंडाशी लाल लुगडं हलवत उभा होता. दोन मोटरसायकली, दुधाचा टेम्पो आणि नऊ माणसं कोंबलेली एक रिक्षा त्याने परत फिरवली. रिक्षावाल्याने त्याला दारूडा म्हणून शिव्या घातल्या. त्याने ऐकून घेतल्या, बाजूला मात्र झाला नाही. तिकडे दवाखान्यात काय झालं असेल, बायको आहे की गेली, हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं.

देवळात हात जोडाल तेव्हा, माऊली, त्या आनंदाचं नाव एकदा मनात घ्या.