उरलेला आवाज

बाळ एकदाचं झोपलं. वर्गाशेजारच्या अडगळीच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांपासून लांब, तिने जमिनीवरच दुपटं अंथरून त्याला निजवलं. खाली पडायची भीती नको. मुठीतला चमचा काढायला गेली, तर झोपेतही त्याने मूठ आवळली. राहू दे. दाराला बाहेरून कडी लावायला हात धजावेना, म्हणून नुसतं लोटून घेतलं आणि ओढणी सारखी करत ती वर्गात शिरली.

"आलात, ताई? मला वाटलं आजही बुट्टी," रेडिओ म्हणाला. हा मुलगा सदा वाजत असतो म्हणून वर्गाने त्याचं नाव रेडिओ ठेवलं होतं.

तिला सगळेच ताई म्हणत. बाकीच्यांहून ती चांगली पाच-सहा वर्षांनी मोठी. मधली वर्षं कुठे गेली ते कुणी विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं.

पहिल्या वर्षाची मुलं कॉलेजात रुळावीत म्हणून हे सेमिनार होते. कुठे नकाशे, कुठे मोडक्या वस्तू, कुठे चक्क भीती असा विषय. तिने 'ऐकणं' घेतलं होतं, नुसतं बसायचं तर आहे म्हणून. पण तो घेणाऱ्या बाई नियमाला पक्क्या. मुलं पाठीमागे त्यांना कानसेन म्हणत. तीनदा दांडी झाली की नाव कापायचं, आणि सेमिनार गेला की वर्ष गेलं. तिच्या दोन झाल्या होत्या, दोन्ही बाळाच्या तापात. आज नणंद सांभाळणार होती, तर ऐन वेळी तिला कामावरून बोलावणं आलं. सासूबाईंनी केव्हाच हात झटकले होते. "शिकायची हौस तुझी, निभावणंही तुझंच." आणि प्रवेशाच्या दिवशी खिडकीतले कारकून म्हणाले होते, "लेकरू लहान आहे? मग पुढच्या वर्षी या की, बाई. इथे पोरंबाळं चालत नाहीत."

त्या दिवसापासून कॉलेजात तिला मूल नव्हतं.

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या.

गोल मांडलेल्या खुर्च्यांवर सगळे गप्प झाले. आधी नुसतं ऐकायचं. मग डोळे न उघडता एकेकाने एक आवाज सांगायचा, आधी कुणी सांगितलेला नाही असा. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही. मागच्या खेपेला रेडिओचा फोन नुसता थरथरला, तर बाईंनी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला होता.

सुरुवात बाईंच्या उजवीकडून, आणि तिची जागा डावीकडे, म्हणजे पाळी सगळ्यांत शेवटी.

तिला पंखा ऐकू येत नव्हता की कुणाचा खोकला. तिचे कान भिंतीला चिकटले होते. भिंतीपलीकडे काही नव्हतं. झोपलाय. झोप रे राजा, थोडा वेळच.

"करा सुरू."

"पंखा."

"बागेतला पाण्याचा पंप."

"कुणाच्या तरी पोटात कावळे ओरडतायत."

"तुझ्याच," कुणीतरी पुटपुटलं. हसू पिकलं.

"शांतता!" बाई कडाडल्या.

त्या शांततेत तो आवाज आला. टक्.

 टक्. मग काहीतरी घासल्यासारखं. पुन्हा टक्. रांगताना मुठीतला चमचा फरशीवर आपटतो, तो आवाज. घरी तो ऐकला की ती न बघता सांगायची, साहेब स्वयंपाकघरात निघाले. दार त्याने ढकललं होतं. तो बाहेर, व्हरांड्यात आला होता.

आता रेडिओची पाळी होती. तो कधी नव्हे तो थांबला. टक्, टक्. कुणालाही ऐकू यावं इतकं स्पष्ट.

"चिमणी," तो म्हणाला.

चिमणी कुठेच नव्हती.

त्याच्या पलीकडच्या मुलीने घसा खाकरला. "माझा स्वतःचा श्वास."

"लांब कुठेतरी गाडीचा हॉर्न," तिच्या शेजारचा म्हणाला.

तिच्या लक्षात आलं. त्यांना ऐकू येतंय. कदाचित मघाशी तिला बाळ घेऊन अडगळीच्या खोलीत शिरताना पाहिलं असेल, कदाचित तिच्या ओढणीला येणारा दुधाचा वास केव्हाच ओळखला असेल. सगळे तो आवाज ओलांडून जात होते, झोपलेल्या माणसाला ओलांडावं तसे.  गुपचूप बस, तिने स्वतःला बजावलं. तो इकडेच येईल. दाराशी येऊन बसेल. दोन-तीन जणच उरलेत, मग हळूच उठायचं. वर्ष वाचेल.

टक्.

आवाज वर्गाच्या दारासमोर आला. थांबला.

टक्. जरा बारीक. टक्. आणखी बारीक.

दार मागे पडलं होतं. पुढे व्हरांडा संपतो आणि तिथे जिना आहे.

"जिना!" ती ओरडली. "माझं बाळ आहे ते, जिन्याकडे चाललंय!"

खुर्ची मागे कोसळली. दार, व्हरांडा. तो थेट वरच्या पायरीशी पोचला होता, एक हात हवेत. चमचा सुटला आणि पायऱ्यांवरून ठणठणत खाली गेला. तो कुठे गेला ते बघायला बाळ पुढे वाकलं. तिने त्याचं झबलं मागून पकडलं, खेचलं, छातीशी धरलं आणि तिथेच फतकल मारली. बाळाला आता कुठे रडायचं सुचलं.

मागे सगळा वर्ग जमला होता. बाई पुढे.

"नाव कापू नका, बाई," ती कशीबशी म्हणाली. "सांभाळायला कुणी नव्हतं. आजची हजेरी तेवढी—"

"ऐकू आलं होतं ना तुम्हाला?" बाईंनी तिच्याकडे न बघता मुलांना विचारलं.



"ताई अडचणीत येतील म्हणून..." रेडिओ चाचरला.

"म्हणून चिमणी? पोर जिन्याकडे जातंय आणि तुम्ही चिमण्या उडवताय? याला ऐकणं नाही म्हणत."  बाई खाली तिच्याशेजारी बसल्या. "मलाही आलं होतं गं ऐकू. म्हटलं, पाळी होऊ दे पुरी. नियम माझाच ना."

 बाईंनी हात बाळाच्या पाठीवर ठेवला, मग घाईने काढून घेतला.

"नाव कापायचा प्रश्न येतो कुठे? पाळीआधीच का होईना, तू सांगितलास आवाज. यापुढे त्याला घेऊन गोलातच बसायचं. एकटं ठेवायचं नाही, कळलं? ऑफिसात मी बोलते. ऐकलं नाही त्यांनी, तर ऐकवते."

"आणि माझी चिमणी, बाई?" रेडिओने विचारलं.

"तुझी चिमणी बाद. जा, चमचा घेऊन ये."

गोल पुन्हा बसला. बाळ तिच्या मांडीवर, हुंदके देत. सगळ्यांनी डोळे मिटले. तिने मिटले नाहीत. आज तिला कुणी मिटायला सांगितलंही नाही.

खालून आवाज यायला लागला. रेडिओ जिना चढत होता आणि कठड्यावर चमचा वाजवत होता. टक्. टक्.

बाळाचा हुंदका मध्येच थांबला. त्याने मान दाराकडे वळवली.